मागच्या रांगेची हवा

ता. ३ ऑक्टोबर

चि. भिंगरीस,
पोटभर आशीर्वाद, वि. वि.

फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून पत्र.

मागची रांग उभी राहिली. आता वीस पेट्या, दोन रांगा, दोरी लावून सरळ. एक बोट इकडेतिकडे नाही. पण मागच्या दहा पेट्या अंगचोर निघाल्या. पंखे हवा ओढतात, आतली गाळणी हवेतला कार्बन डायऑक्साइड धरते, तापवली की सोडते. सगळं पुढच्या रांगेसारखंच, तरी नळीतून वायू कमी. गाळण्यांचा माल खराब आलाय. पुरवठादाराला खडसावून लिहितोय.

महिनाअखेर तपासणी आहे. वीस पेट्यांनी एकीच्या वीसपट वायू पकडला, तर पुढे दोनशे पेट्यांचं काम. नाहीतर गाशा गुंडाळायचा, आणि जोडणीची सगळी पोरं घरी. पहिल्या पेटीवर मी दीड वर्ष काढलंय, कुठल्या शाळेत न जाता. नुसत्या आवाजावरून तिची तब्येत सांगतो. तेव्हा तुमच्या नकाशा-खात्याने नाक खुपसू नये.

जेवणाच्या वेळा पाळ, असं आई म्हणते.

तुझा,
बाबा

ता. ९ ऑक्टोबर

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

नाक खुपसते. पुरवठादाराला लिहिलं नसेल तर थांबा.

माझ्या नकाशात दोन रांगांमध्ये भरपूर अंतर होतं. पाइप वाचतो म्हणून तुम्ही ते निम्मं केलंत, आणि कागदावरच्या लोकांना वारा कळत नाही असं साहेबांना पटवलंत. बाबा, पहिली पेटी एकटी होती. आता पुढची रांग हवेतलं हवं ते काढून घेते आणि उरलेली हवा मागचीच्या तोंडावर फेकते. तिला उष्टं वाढायचं, आणि वर तिलाच विचारायचं की तू भरत का नाहीस.

माझ्यावर विश्वास ठेवू नका. गाळण्यांची अदलाबदल करा, पुढच्या मागे, मागच्या पुढे, आणि बघा.

आईने मला काहीच कळवलेलं नाही. तुम्ही चार दिवस घरात कोणाशी बोलत नाही, हेही नाही. माया आहेच, ती या पत्राने आटू देऊ नका.

तुमची,
भिंगरी

ता. १७ ऑक्टोबर

चि. भिंगरीस,
घाईतले आशीर्वाद, वि. वि.

गाळण्या बदलल्या. मी खराब ठरवलेला माल पुढे ठणठणीत चालला, आणि पुढचा चांगला माल मागे जाऊन मान टाकून बसला. तरी समाधान होईना. मोजणीचं यंत्र गळ्यात अडकवून मागच्या पेट्यांच्या तोंडाशी उभा राहिलो. वारा पुढून आला की हवेत वायू कमी. बाजूने आला की बरोबर. वाऱ्यानेही तुझीच बाजू घेतली.

पुरवठादाराला पत्र गेलं होतं. मागोमाग माफीचं पाठवलं.

आज सगळ्यांना जमवून सांगितलं की रांग सरळच आहे, पण चुकीच्या जागी आहे, आणि तिथे ती मी बसवली. क्रेनवाल्याने विचारलं, सगळी उचलायची? म्हटलं, सगळी. इतकी सरळ रांग मोडायला हात धजत नाही, म्हणाला. माझाही धजत नाही, म्हणून पहिला नट मीच सैल केला.

नकाशाची नवी प्रत पाठव. माझ्याकडचीवर मी इतक्या रेघा ओढल्यात की तुझे आकडे दिसत नाहीत.

तुझा,
बाबा

ता. ५ नोव्हेंबर

चि. भिंगरीस,
आशीर्वाद, आणि थोडी तक्रार, वि. वि.

तपासणीच्या दिवसापर्यंत सहाच पेट्या हलवून झाल्या. उरलेल्या चारांवर ताडपत्री टाकून दुरुस्ती चालू असल्याचं सांगावं, असं साहेबांचं म्हणणं. मी झाकू दिल्या नाहीत. तपासणीच्या बाईंना दोन्हीकडे नेलं. हलवलेल्या सहा पुढच्या रांगेच्या तोडीस तोड. चार अजून उपाशी. बाईंनी विचारलं, ही चूक कोणाची? सांगितलं. त्यांनी लिहून घेतलं, माझ्या हुद्द्यासकट. त्या रात्री तुझी आई माझ्याशी फार जपून बोलली.

काल निरोप आला. हलवलेल्या सहांच्या आकड्यांवर दोनशे पेट्या मंजूर. पोरांनी हेल्मेटं उडवली. खाली एक अट आहे: अंतर बदलायचा अधिकार जागेवरच्या कोणालाही नाही, जोडणीच्या फोरमनला तर मुळीच नाही. नकाशा-खात्याच्या सहीशिवाय पेटी तसूभर हलणार नाही. म्हणजे तुझ्या सहीशिवाय.

ठीक आहे. नकाशा आला की मी त्यात चूक शोधणार. सापडली तर सविस्तर लिहीन. नाही सापडली तर पुन्हा शोधेन.

लोभ असू दे, आणि सही वाचता येईल अशी कर.

तुझा,
बाबा