धाविकाची दोन अंडी

तीर्थरूप आप्पा, लेकीचा वाकून नमस्कार.

पत्र धाकटाच वाचून दाखवत असेल. माझ्या पायांना भेगा पडल्यात, हे त्याने आईला सांगू नये.

इथे माळावर आम्ही पक्षी मोजतो. काल धाविक दिसला. तांबूस, उंच पायांचा, पांढऱ्या भुवईचा. तुरुतुरु पळायचा नि मधेच ताठ उभा राहायचा. दुर्बीणवाले सगळे त्याच्यामागे गेले. मी तो उठला तिथेच शोधलं, कारण तो अंड्यांपासून लांब पळतो, हे तुम्ही मेंढरं चारताना दाखवलं होतंत. उघड्या जमिनीवर, लेंड्यांत लेंड्यांसारखीच दोन अंडी होती.

साहेबांनी वहीत माझं नाव लिहिलं. मी म्हटलं, "वडिलांचं गाळू नका, नजर त्यांची आहे."

मोतीबिंदूचं ऑपरेशन आता टाळू नका. ते नाव तुम्ही स्वतः वाचायचंय.

तुमची थोरली