फुलवंताच्या फोटोला हार

ता. सालेकसा, २ ऑगस्ट २००३

ती. आत्याबाईंस केशोरावचा सा. न. वि. वि.

इकडे सर्व खुशाल. धानाची रोवणी आटोपत आली. पंधरा ऑगस्टला गावच्या शाळेला तुमचं माहेरचं नाव देत आहोत : शहीद फुलवंता विद्यालय. मोठे पुढारी येणार.

बेचाळीसमध्ये तुम्ही झेंडा घेऊन ठाण्यावर गेलात आणि तुरुंगातच वारलात, असं आजोबांनी गावाला सांगितलं होतं. आता तुम्ही जिवंत निघालात तर त्यांची आणि मी अध्यक्ष असलेल्या समितीची शोभा होईल. तेव्हा त्या दिवशी येऊ नये, ही हात जोडून विनंती. माया पातळ करू नये.

आपला भाचा,
केशोराव

गोंदिया, ७ ऑगस्ट

चि. केशोरावले मेलेल्या आत्याचे अ. आ.

मी सांगून राहिली, नात रविता लिहून राहिली. ती रागानं पेन दाबते, अक्षर जाड दिसलं तर समजून घे.

तुझ्या आजोबानं मले कायले मारलं, तेही समितीले सांग. जेलातून आलेली पोरगी घरात दिसली तर धाकट्या बहिणींले कोण करून नेईल? म्हणून परस्परच गोंदियाले आणली, बिजवराच्या गळ्यात बांधली, नाव बदलून चंद्रावती केली. तवा लाजेपायी मारली, आता मानापायी मारून राहिले.

त्यानंतर माहेरचा उंबरठा पाहिला नाही. तुझा बाप दिवाळीले चोरून भेटून जाये, तेवढंच. म्हणून मी येईन. घाबरू नको, मेलेली माणसं भाषण देत नाहीत.

तुझी आत्या

गोंदिया, १७ ऑगस्ट

चि. केशोरावले अ. आ.

गाडीनं सुखरूप पोहोचली. कार्यक्रम झकास झाला. फोटोतली पोरगी कोणाची आणली रे? गोरी, नाक सरळ! मी अशी असती तर बिजवर काऊन मिळाला असता?

तू हार घातला, फोटोपुढे डोकं टेकवलं. बाजूलेच माझे पाय होते. समितीच्या बाईनं विचारलं, ही म्हातारी कोण. तू म्हणाला, गोंदियाची आहे, कार्यक्रम पाहायले आली. चहा मात्र दिला. मग मी आपल्या घरावरून गेली, तर तुझ्या बायकोनं दार लोटून घेतलं. उंबरठा आतच राहिला.

शाळेतून निघतानी मीही त्या फोटोतल्या पोरीले फूल वाहिलं होतं. आपल्या घरात तिच्यासाठी कोणी रडलं नव्हतं.

रविताले सांगून ठेवलं आहे, मी खरी मेली तर तुले कळवायचं नाही. तुमच्याकडचं सुतक कवाच फिटलं.

शाळेत पोरींले नीट शिकवा. आशीर्वाद आहेच.

गोंदियाची म्हातारी
(अंगठा)