कानामागची खाज

अण्णा, आज माझ्यावर घोर अन्याय झाला. पासवर्ड विसरले, तर वीजबिलाच्या ॲपनं भर दुपारी मला विचारलं : तुमच्या आवडत्या शिक्षकाचं नाव काय? मी तुमचं नाव टाकलं. चूक. आडनावासकट टाकलं. तरी चूक. म्हणजे कधीतरी तुमच्यावरच्या रागात मी दुसऱ्याच कुणाचं नाव भरून ठेवलेलं असणार, बहुधा पीटीच्या सरांचं, आणि आता त्यांचंही नाव आठवत नाही. ॲपनं तोंडावर दार लावलं. पंख्याखाली बसून मनुष्यजातीच्या अधःपतनाचा बराच वेळ विचार केला. मग वाटलं, लातुरात तुमच्या वर्गात याहून वाईट व्हायचं. ॲप निदान उभं तरी करत नाही.

तुमचा नियम साधा होता. उत्तर आलं नाही की उभं राहायचं, आठवेपर्यंत. शेजारच्यानं कुजबुज केली की तोही उभा. पोरं झोपेतही प्रश्नसंच सोडवतात अशा त्या गावात पालक स्वतः येऊन सांगायचे, "सर, आमच्याला जरा जास्त उभं करत जा." पोटच्या पोरीला सवलत नव्हतीच. एकदा तुम्ही विचारलं, नवी आठवण मेंदूत आधी कुठं उतरते? माझं डोकं कोरं. उभी राहिले. पोटऱ्या भरून आल्या, मागच्या बाकावरच्या मुली फिदीफिदी हसायला लागल्या. तुम्ही बाकांमधून फेऱ्या मारताय, माझ्याजवळून जाताना कानामागं खाजवताय. "हिपोकॅम्पस!" मी ओरडले आणि बसले. कानांच्या आत खोलवर असतो तो, समुद्रघोड्याच्या आकाराचा. संध्याकाळी स्वयंपाकघरात मी विचारलं, खूण केलीत ना? तुम्ही भाकरी मोडत म्हणालात, "खाज सुटली होती." उभ्या आयुष्यात तुम्ही केलेली ती एकमेव लबाडी, आणि ती माझ्यासाठी केलेली.

आई गेल्यावर तुम्ही माझ्याकडे नांदेडला आलात आणि तुमचा समुद्रघोडा आटायला लागला. डॉक्टरांनी विचारलं, आज वार कोणता? तुम्ही म्हणालात, "हे सिलॅबसमध्ये नाही." डॉक्टर हसले, मीही हसले. नंतर त्यांनी मला मेंदूच्या फोटोत ती जागा दाखवली, वाळक्या शेंगेसारखी. नवं काही तिथं उतरतच नव्हतं. जुनं वरच्या थरांत मुरलेलं होतं, ते टिकलं. सकाळी जेवलेलं तुम्ही दुपारी विसरायचात आणि बेडकाची आतडी मात्र क्रमानं सांगायचात. पुढं तेही झडत गेलं.

मग माणसं भेटायला येऊ लागली. आपल्याकडे आजाऱ्याला भेटायला येणारा सफरचंदं आणतो आणि प्रश्नपत्रिका काढतो. दारातूनच सुरू : "ओळखलं का? सांगा बरं, मी कोण?" सगळ्यांत हौशी तुमची धाकटी बहीण, माझी आत्या. भोकरहून यायची, समोर मांडी ठोकायची. "दादा, वळखलं का मला? न्हाई? नीट बघा की!" तुम्ही बघत राहिलात. आणि मग, अण्णा, तुम्ही भिंतीला हात टेकत उभे राहिलात. आत्या खळखळून हसली. "अगं बाई, उभे कशाला राहून राहिलात? बसा!" तुम्ही म्हणालात, "उत्तर आलं नाही." माणसाचं नाव गेलं, नातं गेलं, पण उभं राहणं गेलं नाही. सवयींचं बिऱ्हाड मेंदूत वेगळ्या गल्लीत असतं, हे तुम्हीच शिकवलेलं. आत्यानं मोबाइलवर ते सगळं टिपून घरच्या ग्रुपवर टाकलं. खाली नातेवाइकांचे जोडलेले हात. दर खेपेला ती तुम्हाला उभं करायची. एकदा मी तिच्या पाठीमागं जाऊन माझ्या कानामागं खाजवलं. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत आणि स्वतःचा कान खाजवलात.

आता विसरण्याची पाळी आत्यावर आली आहे. खोटं कशाला बोलू, कळलं तेव्हा बरं वाटलं. आज बिलाचा नाद सोडून संध्याकाळच्या एसटीत बसले आणि भोकर येईपर्यंत एकच वाक्य घोळवलं : सांग बरं, मी कोण? आत्या बाजेवर बसलेली, लहान पोरीसारखी वेणी घातलेली. सून म्हणाली, "इचारा की ताई, बघू वळखतेत का. आम्ही तर रोज इचारून राहिलो." आत्यानं माझ्याकडे पाहिलं, आणि वर्गात माझी नजर तेव्हा कशी झाली असेल ते मला पहिल्यांदा दिसलं.

"आत्या, मी दादांची लेक," मी म्हणाले. "नांदेडहून आले."

तिचा चेहरा सैल झाला. "दादा कुठं हाय?"

"शाळेत."

"हाव. उभं करून ठिवलं असंल कुणाला तरी."

"नाही. आज सगळ्यांना बसवलंय."

तुमच्या त्या एका लबाडीचं देणं माझ्याकडे राहिलं होतं, अण्णा. फिटलं.

सून म्हणाली, "ताई, तुमी लई मायाळू." तुमच्या वेळीही लोक हेच म्हणायचे, कारण तुम्ही जाईपर्यंत मी एकदाही तुम्हाला विचारलं नाही, मला ओळखलं का. माया कसली? तुम्ही माझ्यापुढंही उभे राहिला असतात, तर.