दोन बिहोगो, एक खण

म्बरारा, ३ मार्च १९९७

तीर्थरूप बाबांस,
केम्बाबाझीचा शिरसाष्टांग नमस्कार, वि. वि.

दुधाच्या गाडीबरोबर आपल्या कळपाच्या तपासणीचा कागद पाठवते आहे. मागच्या महिन्यात रक्त काढून नेलं, त्याचा हा निकाल. गाभ टाकण्याचा रोग आपल्या एकाही गाईत नाही. ज्या गाईला तो असतो तिचं कच्चं दूध पिऊन माणसाला ताप येतो आणि पोटुशीचं मूल जातं, म्हणून आमच्या दूध संघानं हा खटाटोप मांडलाय.

तुम्ही विचारलं होतं की ह्या कॉम्प्युटरवर मी दिवसभर करते तरी काय. तर ऐका. त्यात मी प्रत्येक गाईच्या नावाचा एक खण केलाय. मालकाचं नाव आणि गाईचं नाव सांगितलं की बाकी कुठंही न धुंडाळता तोच खण उघडतो आणि आतला निकाल हातात येतो. खण किती हवेत ते आधी ठरवावं लागत नाही. कळप वाढला की खणही आपोआप वाढतात. आता तरी पोरगी गुरं सोडून टाइपरायटर बडवते असं लोकांना सांगत फिरू नका.

आईला नमस्कार. वहिनीला म्हणावं, जड उचलू नकोस. तुमचा राग असेल तेवढा कळवा, लोभ मी गृहीत धरते.

तुमची,
केम्बाबाझी

*

मु. सांगा, ११ मार्च

चि. केम्बाबाझी हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

कागद पोचला. तुझ्या भावाकडून, तुमवीनेकडून, तीनदा वाचून घेतला आणि मग शेजारच्या रुताबिंग्वालाही ऐकवला. त्याचा मुलगा कंपालात वकील आहे, पण बापाच्या गुरांचं नाव घेईल तर शपथ. त्याचं तोंड बघण्यासारखं झालं होतं.

थोरल्या बिहोगोची मला धाकधूक होती. गेल्या वर्षी ती गाभडली. यंदा वासरू धड झालं, तरी मनात किडा वळवळत होताच. कागदावर बिहोगोपुढं ‘निरोगी’ वाचलं आणि जीव भांड्यात पडला. तुझ्या वहिनीला, कोबुसिंग्येला, सातवा महिना लागलाय. पहिलटकरणीला एकाच गाईचं दूध द्यावं म्हणून त्याच दिवसापासून बिहोगो तिच्या नावे केली. सकाळ-संध्याकाळ धारोष्ण पिते. गेले दोन दिवस थोडी मलूल दिसते, पण तुझी आई म्हणते की ह्या दिवसांत असं व्हायचंच.

धाकटी बिहोगोही आता आईसारखीच गडद तांबडी आणि शिंगांना देखणी झालीय. येशील तेव्हा ओळखणार नाहीस, दोघींत गोंधळशील. लवकर ये. आमची माया नेहमीसारखीच, फक्त पत्रात मावत नाही.

तुझा बाप,
कटुंगी

*

म्बरारा, १३ मार्च

ती. बाबांस, सा. न.

हे पत्र हातात पडताच वहिनीचं दूध बंद करा. बाकीचं नंतर वाचा.

चूक माझी आहे. आपल्याकडे लेक आईच्या रंगावर गेली की तिलाही आईचंच नाव मिळतं, हे मला जन्मापासून ठाऊक, आणि तरीही मी नावावर खण केले. एका नावाला खण एकच. त्याच नावानं दुसरा निकाल आला की कॉम्प्युटर पहिला फेकून देतो आणि हूं का चूं करत नाही. तुमचं पत्र वाचताना ‘धाकटी बिहोगो’पाशी आले आणि पत्र तसंच टाकून उठले. धावत तपासणीच्या खोलीत गेले. तिथं रक्त तपासणाऱ्या नाकिरिजाबाईंनी तुमच्या गाईंच्या रक्ताच्या नळ्या मोजल्या, मग माझ्या नोंदी. एक नोंद कमी. त्या केळीच्या बागांच्या मुलखातल्या, गुरं राखणाऱ्यांतल्या नव्हेत, त्यांना मोजायचं भय कसलं? गुरं मोजली की कळपाला दृष्ट लागते हे आपण ऐकत आलो, त्यामुळं माझा हात कधी बेरजेकडे वळलाच नाही आणि तुमच्याकडे कागद पोचला तेव्हा तिथंही कोणी मोजलं नाही.

दोन्ही नळ्यांवर ‘कटुंगी, बिहोगो’ एवढंच लिहिलंय. एक निरोगी, एक रोगी. कुठली कोणाची, सांगता येत नाही.

वहिनीला ह्याच गाडीतून इस्पितळात पाठवा. ताप असेल तर औषध आहे, पण ते वेळेत मिळायला हवं. घरात सगळ्यांनी दूध उकळून प्या. उकळलं की गाईच्या कासेला चटका बसतो, असं तुम्ही म्हणाल. ह्या वेळी बसू दे. गाडीबरोबर आमचा माणूस कानात अडकवायचे बिल्ले घेऊन येतोय. ह्यापुढं खण बिल्ल्याच्या आकड्याचा असेल आणि आत निकालांची माळ असेल: नवा आला की शेवटी ओवायचा, जुना कधी काढायचा नाही.

मी स्वतः आले असते, पण ज्यांच्या ज्यांच्याकडे एका नावाच्या दोन गाई आहेत त्या सगळ्यांना आजच निरोप धाडायचेत. मला माफ करा असं लिहायलाही धीर होत नाही.

केम्बाबाझी

*

सांगा, १५ मार्च

चि. केम्बाबाझी हिस, आशीर्वाद.

कोबुसिंग्ये आणि तुमवीने गाडीतून गेले. तिला रोज संध्याकाळी हुडहुडी भरत होती. सासूला त्रास नको म्हणून बोलली नाही. इस्पितळात जाऊन तिला भेट.

तुझ्यावर मी चिडलो, लपवत नाही. मग माझ्यावरच चिडलो. थोरली गाभडलेली मी ह्या डोळ्यांनी पाहिली होती. दुसऱ्या कोणाचा कागद असता तर मी दहा प्रश्न विचारले असते. तुझा होता म्हणून एकही विचारला नाही.

दूध उकळतोय. आईनं पहिल्या दिवशी चुलीकडे पाठ केली, दुसऱ्या दिवशी स्वतःच ढवळायला बसली.

दोन्ही बिहोगोंचं रक्त तुमच्या माणसानं नव्यानं घेतलं. बिल्ले ठोकून झाल्यावर तो गुरं मोजायला लागला, तेव्हा मी त्याला गप्प केलं. मग फाटकात उभा राहिलो आणि एकेक गाय बाहेर सोडत मीच मोजली, मोठ्यानं. रुताबिंग्वा कुंपणाबाहेरून ओरडला की तू कळपाला खाशील. मी थांबलो नाही. आकडा त्या माणसाजवळ दिलाय, इथं लिहीत नाही.

थोरली रोगी निघाली तर मला सरळ कळव, आडवळणानं नको. तुझ्यावरचा जीव उणा झालेला नाही.

कटुंगी

*

सांगा, ९ जून

ती. वन्संना,
कोबुसिंग्येचा नमस्कार.

इस्पितळात तुम्ही रोज येऊन बसत होता, तेव्हा मला बोलायचं त्राण नव्हतं. आता लिहिते. तुमच्यावर माझा राग होता, खूप होता. औषधं घेताना दर वेळी यायचा. तो कधी गेला ते कळलं नाही, पण गेलाय.

थोरलीच रोगी असल्याचं तुमचं पत्र आलं त्या दिवशी मामंजींनी तिला स्वतः कसायाकडे हाकत नेलं. कोणाला बरोबर येऊ दिलं नाही. परत आल्यावर दोन दिवस अन्नाला शिवले नाहीत.

मुलगी झाली. तीन आठवडे आधी आली, अगदी मूठभर आहे, पण रडायला खमकी आहे. डॉक्टर म्हणतात, धोका टळला. नाव तुम्ही आल्यावर ठेवू. ह्या घरात दुसऱ्या कोणाचं नसेल असं शोधून आणा.

मामंजी रोज सकाळी येतात, तिची मूठ उघडतात आणि बोटं मोजतात. मोठ्यानं. मग दुसरी मूठ उघडतात. सासूबाई आता त्यांना काही म्हणत नाहीत.

आमच्यावर जीव असू द्या, आणि लवकर या.

तुमची वहिनी,
कोबुसिंग्ये