सुरूबनातल्या घराची आणि रागाची वाटणी

मी, इंद्रभान तुकाराम पडघान, वय ६६, धंदा पूर्वी जीवरक्षक व आता शेती, राहणार किन्हीराजा, तालुका मालेगाव, जिल्हा वाशिम, हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. माझे डोके ठिकाणावर आहे, कोणी धाक दाखवलेला नाही की लालूच दिलेली नाही. मी रागात मात्र आहे. वकील रूपालीताईंना आधीच विचारून घेतले. रागाने मृत्युपत्र बाद होत नाही, असे त्या म्हणाल्या. २०१६ साली केलेले मृत्युपत्र मी या लेखाने रद्द करतो.

कलम १. माझी पत्नी भागिरथा दिनांक १० जून २०१३ रोजी वारली. धम्मदीपा ही एकुलती एक मुलगी आणि जगदेव हा धाकटा भाऊ, एवढीच माझी माणसे.

कलम २. माझी स्वकष्टाची मिळकत अशी: किन्हीराजा येथील एक एकर शेत व टिनाचे दोन खोल्यांचे घर, बँकेतली शिल्लक, आणि रत्नागिरी शहरात समुद्राला लागून असलेल्या सुरूबन या वस्तीतले तीन खोल्यांचे घर. या शेवटच्या घराविषयी लिहिल्याशिवाय पुढची कलमे समजणार नाहीत.

मी चोविसाव्या वर्षी धक्क्याच्या कामावर मजूर म्हणून तिकडे गेलो. गावच्या खदानीत पोहायला शिकलो होतो, म्हणून पुढे किनाऱ्यावर जीवरक्षक झालो. सुरूबन फार निवांत. दुपारी एक ते चार दुकानांच्या फळ्या लागत आणि सगळी वस्ती झोपे. कोणी आवाज चढवत नसे. आमची जात कोणी विचारली नाही. विचारायचासुद्धा त्यांना कंटाळा होता. आम्हाला ते आवडले, हे मी लपवत नाही. भागिरथा तिशी उलटल्यावर माझ्याकडून पोहायला शिकली. कासोटा मारून ती लाटेत शिरायची तेव्हा बाया ओसरीवरून बघत बसत.

नवीन पेडणेकर हे सुरूबन रहिवासी मंडळाचे अध्यक्ष. त्यांच्या खोल्या पाहुण्यांना भाड्याने असत. पावसाळ्यात समुद्रात उतरू नये असा लाल फलक आणि दोरी मी दरवर्षी लावत असे. २०१३ साली फलक पाहून पाहुणे परत जातात म्हणून त्यांनी तो काढून मंडळाच्या खोलीत ठेवला. दोरी तर कुजलेलीच होती. मी तीनदा सांगायला गेलो. तिसऱ्यांदा ते झोपाळ्यावरून म्हणाले, "अहो इंद्रभान, होईल ओ सावकाश. समुद्र काय आज आलाय इथे?"

शेवटी दहा जूनला, सोमवारी, नवी दोरी मागायला मी जीवरक्षक नेमणाऱ्या कंत्राटदाराकडे शहरात निघालो. माझा पाय निघत नव्हता. भागिरथा म्हणाली, "जा तुमी. मी हाय ना इथं."

सव्वाचारला परतलो तेव्हा वस्ती नुकतीच उठत होती. सुरूच्या झाडाखाली भागिरथेच्या चपला होत्या. तिला मीच शोधले आणि मीच बाहेर काढले. दुकानवाल्या बाईने दोन मुलांना ओलेचिंब पळताना पाहिले होते. ती मुले पेडणेकरांच्याच पाहुण्यांची. आईवडील त्यांना घेऊन, सामान बांधून केव्हाच निघून गेले होते. पोलीस येईपर्यंत फलक जागेवर उभा झाला होता. पेडणेकरांनी जबाब दिला की फलक कायम होता आणि बाई हौसेने पोहायला गेली. कागदावर तेच राहिले. हौसेने. वस्तीतला एकही माणूस खोटे आहे असे म्हणाला नाही. कशाला वाद, म्हणाले, आणि पाचचा चहा प्याले.

कलम ३. सुरूबनचे घर मी मुलगी धम्मदीपा हिला देतो. आधीच्या मृत्युपत्रात तिचे नाव नव्हते. आई जाऊन वर्ष झाले नाही तोच मी तिला मंडळाच्या बाकावर त्या लोकांसोबत हसताना पाहिले. मी बोललो तेव्हा ती म्हणाली, "बाबा, ते वाईट लोक नाहीत. त्यायले कोणावर रागवाची सवय नाही." मी म्हणालो, मले हाय. तेव्हापासून मी इकडे आणि ती तिकडे. राग गेलेला नाही, पण त्या घराच्या विटा तिच्या आईने डोक्यावरून वाहिल्या आहेत, म्हणून घर तिचे. मंडळाला किंवा पेडणेकरांच्या कुटुंबाला तिने ते विकू नये.

कलम ४. भाऊ जगदेव याने भागिरथेच्या मातीला आलेल्या लोकांसमोर विचारले होते, "काहून गेले होते तिकडं? समुद्रावर ऐश कराले?" त्याला मी सुरूबनहून आणलेली आरामखुर्ची देतो. तिच्यावर बसून त्याने ऐश करावी. शेत त्याच्या वाट्याला जाणार नाही. शेत व टिनाचे घर विकून येणारी रक्कम आणि बँकेतली शिल्लक यातून किन्हीराजाच्या पोरापोरींना, पोरींना आधी, पोहायला शिकवण्याची सोय व्हावी. माझी शिट्टी, दुर्बीण आणि बुडत्याला टाकायची रबरी कडी त्याच कामाला द्यावीत.

कलम ५. हे मृत्युपत्र नव्याने लिहिण्याचे कारण. गेल्या महिन्यात एक मुलगी जऊळका स्टेशनवर उतरून, विचारत विचारत माझ्या दारात आली. नाव निकिता वैद्य, वय २३, राहणार पुणे. त्या दोन मुलांपैकी मोठी ती. नाव कळताच मी तिला पाणी न विचारता अर्धा तास बोल लावले. बारा वर्षे कुठे होतीस, विचारले. तिने उभ्यानेच सांगितले: घरच्यांनी तिला ती गोष्ट काढू दिली नव्हती, आणि माझे गाव तिला धम्मदीपाने सांगितले, तेही स्वतःहून फोन करून. हे ऐकून मी खाली बसलो.

मग निकिता म्हणाली, "काका, फलक नव्हता. काकूंनी भावाला माझ्या हातात दिलं आणि मला मागून ढकललं. म्हणाल्या, मांगं पाहू नको. मी पाहिलं नाही."

तिने हे सर्व मालेगावला रूपालीताईंसमोर शपथेवर लिहून दिले आहे. ती प्रत सोबत जोडली आहे. पोलिसांच्या कागदावरची नोंद दुरुस्त करून घेण्याचे काम मी जिवंतपणी सुरू केले आहे. माझ्या पश्चात रूपालीताईंनी, ज्यांना मी या मृत्युपत्राच्या व्यवस्थापक नेमतो, ते शेवटास न्यावे आणि भागिरथेच्या नावापुढचा 'हौसेने' हा शब्द खोडून घ्यावा.

कलम ६. श्री. नवीन पेडणेकर यांना काहीही नाही. मात्र हे मृत्युपत्र सुरूबनात मंडळाची सभा बोलावून मोठ्याने वाचावे. सभा दुपारी दोन वाजता घ्यावी आणि सर्वांना झोपेतून उठवावे. माझ्या मरणाचे दुःख त्यांच्यापैकी कोणी कळवू नये.

कलम ७. भागिरथेच्या पाटल्या मी निकिताला देणार होतो. रूपालीताईंनी सांगितले की मृत्युपत्रावर जो साक्षीदार म्हणून सही करतो त्याला त्यातून काही घेता येत नाही. दोन्हींपैकी एकच होईल. मी निकिताला विचारले. तिने पाटल्या परत ठेवल्या आणि पेन मागितले.

पाटल्या धम्मदीपाला द्याव्यात.

हा मजकूर मला वाचून दाखवला, तो माझाच आहे. दोन्ही साक्षीदारांसमोर मी सही केली आणि माझ्यासमोर त्यांनी केली.

ठिकाण: मालेगाव, जिल्हा वाशिम
दिनांक: १८ नोव्हेंबर २०२५

लिहून देणार: इंद्रभान तुकाराम पडघान (सही)

साक्षीदार:
१. ग्यानबा किसन सोनोने, शेजारी, राहणार किन्हीराजा (सही)
२. निकिता वैद्य, राहणार पुणे. भागिरथा पडघान यांनी पाण्यातून बाहेर काढलेली (सही)