मागच्या डाव्या चाकाची दुरुस्ती

रविवार, ९ फेब्रुवारी २०२५. सकाळी सात वाजता, टायर गार असताना, चारही चाकांतली हवा मोजली. पुढच्या उजव्यात दोन पौंड कमी होती, ती पायपंपाने भरली. एअर फिल्टर काढून झटकला. आंघोळ, नाश्ता. चार वाजता दोन साक्षीदार यायचे आहेत, त्याआधी हे लिहून पुरे करायचे आहे.

मी, खाली सही करणार, वय वर्षे एकोणसत्तर, निवृत्त वजनमापे निरीक्षक, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवत आहे. माझी बुद्धी ठिकाणावर आहे. रक्तदाब गोळीने ताब्यात आहे. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. दबाव टाकू शकेल अशी एकच व्यक्ती होती, ती दोन वर्षांपूर्वी गेली. मागे मी दुसरे मृत्युपत्र केलेले नाही.

१. राहते घर, दुसरा मजला, स्वकष्टार्जित. ते मुलगी आणि मुलगा यांचे निम्मे निम्मे. बँकेतील ठेवीही तशाच. याबाबत दोघे भांडतील असे मला वाटत नाही, म्हणून जास्त लिहीत नाही.

२. गाडीच्या छतावरचे कॅरियर. सोळा वर्षांपूर्वी एका प्रवासासाठी मी ते बसवले आणि पुढे लागेल म्हणून सहा वर्षे तसेच ठेवले. पत्नी म्हणायची, "अहो, डोक्यावर खाट घेऊन पळायला सांगितलं तर तुम्ही तरी किती पळाल?" शेवटी तिनेच पाना घेऊन ते उतरवले आणि त्याच महिन्यात गाडी लिटरमागे एक किलोमीटर जास्त गेली. हे कॅरियर मी तळमजल्यावरच्या दंतवैद्यांना देतो. ते रोज सकाळी माझ्या खिडकीखाली दहा मिनिटे नुसते इंजिन चालू ठेवून गाडी तापवतात. अशी गरज नसते, हे त्यांना मी अकरा वर्षे सांगत आलो. त्यांच्या गाडीचे कॅरियरने आणखी काही बिघडेल असे वाटत नाही. ते या मृत्युपत्राचे साक्षीदार आहेत आणि हा मजकूर त्यांनी वाचलेला असेल.

३. हवा मोजायचा गेज आणि पायपंप मुलाला. गाडी त्याला नाही. तो गाडी पळवतो आणि मग दाबून थांबवतो. बोललो तर म्हणतो, "बाबा, पेट्रोल माझं, घाई माझी, तुमचं काय जातं?" माझे काही जात नाही. पण पुढे लाल दिवा दिसत असताना त्याच्याकडे धावत जाण्यात काय मिळते, हे त्याने एकदा मला नीट समजावून सांगावे. गेज महिन्यातून दोनदा वापरावा. माणूस तो मनाने चांगला आहे.

४. गाडी. पांढरी, पेट्रोलवरची, सोळा वर्षांची. कागदोपत्री माझ्या नावावर असली तरी ती चालवायची माझी पत्नी. मी शेजारी वही घेऊन बसायचो. टाकी काठोकाठ भरायची, किलोमीटरचा आकडा लिहायचा, पुन्हा त्याच पंपावर काठोकाठ भरायची आणि भागाकार करायचा. "निघाले आमचे मापाडी," ती पंपावरच्या माणसाला सांगायची. तिच्या हाताखाली गाडी वर्षानुवर्षे लिटरला अठराच्या खाली आली नाही. झोपलेल्या मुलावर पांघरूण घालावे तसा पाय ठेवायचा, एवढेच ती शिकवायची. क्लचवर पाय विसावायचा नाही. डिकीत नको ते सामान साठवायचे नाही. तीन कामे असली तर एकाच फेरीत करायची.

तिच्या शेवटच्या वर्षाआधी आकडा पंधरावर आला. सलग आठ टाक्या. ती म्हणाली, "अहो, गाडी मागून कुणी धरल्यासारखी वाटते. पाय काढला की पूर्वी सिग्नलपर्यंत आपली आपण जायची. आता निम्म्यातच बसते."

मी म्हणालो, "गाडीचं काही नाही. तुझा पाय जड झालाय. वहीत दिसतंय."

"वहीत दिसतंय म्हणजे झालंच."

मागच्या सीटवर मुलगी होती. दुसऱ्या दिवशी पत्नीने किल्ली माझ्या हातात दिली. "घ्या, तुमच्या हलक्या पायाने चालवा." त्यानंतर ती सात महिने होती. आजाराचा गाडीशी काही संबंध नव्हता. पण त्या सात महिन्यांत ती चालकाच्या जागेवर बसली नाही.

गाडी कमी फिरते म्हणून मी सर्व्हिसिंग पुढे ढकलत राहिलो होतो. ती गेल्यावर दोन महिन्यांनी मिस्त्रीकडे नेली. तो म्हणाला, "साहेब, या मागच्या डाव्या चाकाला हात लावून बघा." मी लावला. तळवा भाजला.

"हँडब्रेकची केबल अडकलीय. ब्रेक पुरता सुटतच नाही. हे आजचं नाही, वर्ष तरी झालं असेल. बाईंच्या लक्षात कसं नाही आलं? त्यांना तर सगळं कळायचं."

"आलं होतं," मी म्हणालो.

दुकानदाराला बोल लावण्याआधी आपली वजने तपासून घ्या, हे मी तेहतीस वर्षे कार्यालयातल्या नव्या माणसांना शिकवले. सबब, वहीतील त्या आठ नोंदींपुढचा 'पाय जड' हा शेरा मी रद्द करतो. तेथे असे वाचावे: 'चालक निर्दोष. ब्रेक अडकलेला. निरीक्षक चुकला.'

ती गेल्यावर मुलगी म्हणाली होती, "मला ती गाडी नको, बाबा." कारण तिने सांगितले नाही, मीही विचारले नाही. ब्रेकचे मी तिला अद्याप बोललेलो नाही. तरीही गाडी आणि वही मी तिलाच देतो. केबल नवी आहे. मी तिच्या आईच्या पद्धतीने चालवतो. मागच्या टाकीला आकडा अठरा पूर्णांक सहा आला. गाडी घेण्याची सक्ती नाही. वही मात्र तिने वाचावी.

वरील मजकूर मी पूर्ण वाचून पाहिला, तो माझ्या मनासारखा आहे, आणि साक्षीदारांसमक्ष सही करतो.

(सही) लिहून ठेवणार
साक्षीदार १: (सही) तळमजल्यावरील दंतवैद्य
साक्षीदार २: (सही) गाडीचा मिस्त्री
ठिकाण: राहते घर, जेवणाचे टेबल
दिनांक: ९ फेब्रुवारी २०२५, दुपारी ४.२०

सह्यांच्या खाली लिहिलेल्या मजकुराला कायद्यात किंमत नाही, हे मला माहीत आहे. दंतवैद्यांनी कॅरियरचे कलम वाचून पान उलटले. चौथ्या कलमावर बोट ठेवून म्हणाले, "हे तिला तुम्ही गेल्यावर वाचायला देणार? मग तिनं भांडायचं कुणाशी?"

ते दोघे गेल्यावर मी खुंटीवरची किल्ली काढली आणि वही घेतली. आता मुलीच्या घराखाली गाडीतच बसून लिहीत आहे. वरच्या खिडकीत ती वाळलेले कपडे काढताना दिसली. तिने मला पाहिलेले नाही. येताना मोठ्या सिग्नलला लांबूनच पाय काढला. गाडी आपली आपण दिव्यापर्यंत गेली. इथे पोचल्यावर उतरून मागच्या डाव्या चाकाला हात लावून पाहिला. गार आहे.