शेरडं नसलेलं घर

४ सप्टेंबर
हरिओम सरकारी बेकार झाला! नुसता बेकार तर तो मुकादमाशी भांडून ऊसतोडीवरून पळून आला तवापासून हायच. पण ती बेकारी घरगुती होती. आज शिरूरला अर्ज दिला, फोटो डकवला, आता पक्की झाली. येताना पेढे आणले. म्हणलं, "नातू बेकार झाल्याचे पेढे पहिल्यांदाच खातेय बाबा." तरी दोन खाल्ले.

योजना अशी – बेकार माणसाला दहा शेळ्या, आन् त्या वितस्तोर दर महिन्याला भत्ता. म्हणजे गाभण शेळी ऱ्हाणार आन् डोहाळे ह्याचे पुरवायचे!

९ सप्टेंबर
शेळ्या कशा पाळाव्यात याचं शिबिर. सात पिढ्या शेरडांमागं हिंडल्या, पण आमच्यापाशी कागद न्हाई ना! हरिओमला भाकरी द्यायला गेलते. शिकवणारा सर बूट घालून आलता. बोकड जवळ आला तसा खुर्चीवर चढला. मला हसू आवरंना. म्हणे, "आजी, शिस्त पाळा." म्हणलं, "मी पाळते, तुमी आधी खाली उतरा."

हरिओमला प्रमाणपत्र मिळालं. धार अजून काढता येत न्हाई.

१४ सप्टेंबर
नवा घोळ. नियमात लिवलंय – घरात आधीची एकबी शेळी नको. शेळ्या पाहिजेत तर शेळ्या नसाव्या लागतात!

आपल्याकडं चार हायेत. चारी संगीताच्या, माझ्या नातसुनेच्या. लग्नात तिच्या बापानं एक पाठ, म्हंजे न व्यालेली कोवळी शेळी, आंदण दिलती, तिचीच पिल्लं वाढत चार झाली. आंदणाच्या शेरडावर नवऱ्याचा हक्क न्हाई, हे आमच्यात शेंबडं पोरबी जाणतं.

हरिओम म्हणाला, "विकून टाकू. चार जातील, दहा येतील."

संगीता भाकरी थापत होती. हात थांबला न्हाई. म्हणाली, "जातील माझ्या, येतील तुमच्या."

दोघांचं तोंड बंद करायला तोडगा मीच काढला – तपासणी होईस्तोवर चारी वत्सलाबाईच्या गोठ्यात बांधायची. गावाच्या पार त्या टोकाला.

२१ सप्टेंबर
आज तपासणी होती. साहेब आला न्हाई. मिटिंगला गेला म्हणे.

२३ सप्टेंबर
सकाळी दहाचा साहेब साडेपाचला आला! अंगण सारवलं होतं, लेंड्या येचून काढल्या होत्या. नेमकी एक ऱ्हायली. साहेबानं बुटानं उलथी करून बघितली.

"हे काय?"

हरिओम म्हणाला, "शेजाऱ्याचं." मला वाटलं, आता शेजाऱ्याला बोलावून इचारतो का काय!

संगीता पाण्याचा हंडा घेऊन नुकतीच आत आलती. हरिओमनं सही ठोकली – घरात एकबी शेळी न्हाई. शाई वाळली न्हाई तवर चारी दारात! थोरली साहेबाच्या मांडीवरची फाईल हुंगायला लागली. दोघी संगीताला ढुशा देऊ लागल्या.

"ह्या कुणाच्या?"

"वाट चुकल्या असतील साहेब."

साहेबानं मागं बोट दाखवलं. चौथी आमच्या चुलीमागं जाऊन तिच्या घमेल्यातलं पाणी पीत होती. "वाट चुकली, पण घमेलं न्हाई चुकलं व्हय?"

वत्सलाबाईला मनात लई शिव्या दिल्या. भवानीला दाव्याची गाठ मारता येत न्हाई! संगीतानं खाली मान घालून हंडा उतरवला. वाटलं, पोरगी भ्याली.

५ ऑक्टोबर
कागद आला. अर्ज नामंजूर. 'अर्जदारास शेळीपालनाचा रोजगार असल्याचे दिसून आले.' बोट ठेवून दोनदा वाचला. मग हरिओमच्या हातात काठी दिली. "सरकार म्हणतंय तुला काम हाय. सरकारचं ऐकावं बाबा."

गेला तणतणत. लई दिवसांनी दुपारचं घरात घोरणं न्हाई!

संगीतानं भाकरी बांधून दिली आन् वर बजावलं, "सांजच्याला चारी परत पाहिजेत."

११ ऑक्टोबर
वत्सलाबाई आडावर भेटली. तिला गाठीवरून बोलले. ती म्हणाली, "माझ्या गाठीला कावून बोल लावतीस? तपासणीच्या आदल्या दिशी तुझा नातू आष्टीचा व्यापारी घेऊन माझ्या गोठ्यात आलता. शेरडं दाखवली, सौदा ठरवला. चारा टाकायला आलेल्या संगीतानं दाराआडून ऐकलं. दुसऱ्या दिशी साहेबाची गाडी गावात शिरली, तशी तिनंच दावी सोडली."

इकडंतिकडं बघितलं. कुणी नव्हतं. म्हणलं, "हे आणिक कुणापाशी बोललीस, तर तुझ्या दोन म्हशी कोणत्या योजनेपायी भावाच्या दारात बांधल्यात, ते साहेबाला मी स्वतः जाऊन सांगन."